पाषाण ते चाकण

विजेवर चालणाऱ्या वाहनांची चर्चा आज घरोघरी होते. पण ती बहुधा बॅटरीपाशीच थांबते. बॅटरी पुष्कळ ऊर्जा साठवते, मात्र ती सावकाश घेते. बसचा ब्रेक लागताच वाया जाणारी ऊर्जा त्या क्षणी टिपायची आणि बस पुन्हा निघताना परत द्यायची, तर सुपरकॅपॅसिटर अधिक उपयोगी. त्यात विद्युतभार मुख्यतः इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर साठतो. म्हणून तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा वापरता येतो. किलोमागे साठणारी ऊर्जा मात्र फार थोडी, हे त्याचे उणे.

ते भरून काढण्याचा एक मार्ग धातूंच्या कार्बाइडांतून जातो. २०११मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात युरी गोगोत्सी आणि मिशेल बारसूम यांच्या गटाने टायटॅनियम कार्बाइडचे काही अणूंइतक्या जाडीचे थर सुटे केले. 'मॅक्सीन' नावाचा हा पदार्थ धातूप्रमाणे वीज वाहतो आणि त्याच्या थरांत आयन सहज शिरतात. तो निर्दोष नाही. दमट हवेत तो टिकत नाही. तो बनविण्याच्या मूळ पद्धतीत घातक हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. म्हणजेच संशोधनाला अद्याप मोठा वाव आहे.

हा वाव पुण्याने ओळखला पाहिजे. पाषाण परिसरात १९५०पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे; जवळच सी-मेट आणि आयसर आहेत. चाकणला वाहन उद्योग आहे. टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत आहे. प्रयोगशाळेतील ग्रॅमभर नमुना आणि कारखान्यातील टनभर माल यांमधील दरी मात्र बुजविणे बाकी आहे. ती बुजविता येते. आयसरच्या सहकार्याने पुण्याच्या केपीआयटीने डिसेंबर २०२३मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान सादर केले. केरळच्या केल्ट्रॉनने इस्रोच्या तांत्रिक साहाय्याने २०२४मध्ये कण्णूर येथे सुपरकॅपॅसिटर निर्मिती केंद्र उभारले.

लिथियम-आयन सेलसाठी आपण आजही मोठ्या प्रमाणावर चीनवर विसंबून आहोत. तंत्रज्ञान परिपक्व होईपर्यंत वाट पाहायची आणि मग गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे राहायचे, याचेच हे फळ आहे. शोधनिबंधांची संख्या मोजून समाधान मानण्याचे दिवस संपले. उद्योजकांनी पाषाणच्या प्रयोगशाळांचे दार आजच ठोठवावे, चाचणीसाठी पहिली मागणी स्वतः नोंदवावी आणि अपयशाचा काही भार उचलावा. स्वदेशीचा आग्रह भाषणात सोपा असतो. त्याची कसोटी अशा पहिल्या मागणीपत्रावर लागते.