टाकी ८१ टक्के, मोटर बंद

सदर : खटपट

पहाटे पावणेसहाला शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. ‘तुमची टाकी वाहतेय हो. आमच्या तुळशीत तळं झालंय.’ मी मोबाइल काढून त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर ठळक अक्षरांत होतं : टाकी ८१ टक्के, मोटर बंद. काकूंनी पडद्याकडे पाहिलं, मग गच्चीवरून कोसळणाऱ्या धारेकडे पाहिलं आणि ‘बरं’ एवढंच म्हणाल्या. पुण्यात ‘बरं’चे जे दहा-बारा अर्थ आहेत, त्यांतला हा सगळ्यात वाईट.

गेल्या सप्टेंबरातली ही गोष्ट. त्याआधी पाच महिने मी घरची मोटर ‘आपोआप’ करण्यात घालवले होते. खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायला मोटर लावणं सोपं असतं, ती बंद करायची आठवण राहत नाही. आईची यावर एक पद्धत होती. आंघोळीला जाताना बटण दाबायचं, देवपूजा आटोपली की बंद करायचं. पस्तीस वर्षांत तिच्या हातून टाकी तीनदा वाहिली. माझ्या यंत्रानं पाच महिन्यांत चारदा वाहवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सामान सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलं. ईएसपी८२६६ नावाची चिप बसवलेला अंगठ्याएवढा बोर्ड, मोटर चालू-बंद करणारा एक निळा रिले आणि आवाजाने अंतर मोजणारा सेन्सर. ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. २०१४ च्या सुमारास ती हौशी लोकांच्या हाती लागली आणि वायफायवर बोलणारं यंत्र घरी बनवणं दोन-तीनशे रुपयांत आलं. त्याआधी घराला संगणक जोडायचा तर जिम सदरलँडसारखी जिद्द लागायची. पिट्सबर्गच्या या वेस्टिंगहाउसमधल्या अभियंत्यानं १९६६ मध्ये कंपनीतल्या उरल्यासुरल्या भागांतून ‘एको फोर’ नावाचा घरगुती संगणक उभा केला होता. त्याचं वजन साडेतीनशे किलोच्या वर. माझी अख्खी खटपट साबणाच्या डबीत मावते.

सेन्सरचं काम ऐकायला सोपं आहे. झाकणाखालून तो कानाला न ऐकू येणारा आवाज खाली सोडतो, पाण्यावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. गुणायचं, दोननं भागायचं, झालं. पहिला घोटाळा इथेच. ३४३ हा आकडा २० अंश तापमानाचा. दर अंशामागे वेग साधारण ०.६ मीटरनं वाढतो, आणि मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीच्या झाकणाखाली ४५ अंश म्हणजे काहीच नाही. मीटरभर अंतरात चार-साडेचार सेंटिमीटरची चूक तिथेच होते, टाकी आहे त्यापेक्षा भरलेली दिसते. पावसाळ्यात उघड्या सेन्सरच्या जाळीवर बाष्प धरलं आणि तो वाटेल ते आकडे सांगू लागला : ४० सेंटिमीटर, ४१, ४०, ३०८, ४०. यावर उपाय सापडला. सात वेळा मोजायचं, आकडे चढत्या क्रमानं लावायचे आणि मधला घ्यायचा. सरासरी घेतली तर एक ३०८ सगळ्यांना बिघडवतो. मध्यक घेतला की तो रांगेच्या टोकाला गप्प उभा राहतो. शाळेत मध्यक शिकलो तेव्हा तो कशाला असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग पाणी न शिरणारा सेन्सर आणला. त्याचं दुखणं निराळं : वीसेक सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. टाकी जेव्हा काठोकाठ यायला लागते, म्हणजे ज्या क्षणासाठी त्याला टांगलेलं असतं, नेमका तेव्हाच तो आंधळा होतो. माझी टाकी १२० सेंटिमीटर खोल. पाणी झाकणापासून २३ सेंटिमीटरवर आलं की ८१ टक्के. तिथे मोटर बंद कर, असं मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं आणि त्या पहाटे त्यानं ते इमानेइतबारे केलंही. ऐकलं नाही ते रिलेनं.

वायरमन काका आले, डबी उघडली आणि रिले कानाशी नेऊन हलवला. ‘साहेब, मोटर म्हणजे काय बल्ब आहे का?’ रिलेवर छापलेलं होतं १० अँपिअर. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, म्हणून मी निर्धास्त. पण सुरू होतानाच्या त्या क्षणी ती त्याच्या पाच-सहा पट ओढते. दर वेळी आतल्या टिकल्यांमध्ये ठिणगी पडते, आणि एक दिवस त्या वितळून एकमेकींना चिकटतात. नंतर प्रोग्रॅम कितीही ‘बंद’ म्हणो, वीज जातच राहते. काकांनी कॉन्टॅक्टर बसवला. माझा छोटा रिले आता फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल हलवतो, मोटरचा भार कॉन्टॅक्टर घेतो. ‘आणि पडद्यावर बंद दिसतंय म्हणजे बंद आहे असं समजू नका,’ हे काकांनी जाताना जिन्यातून सांगितलं.

मी त्यावर बराच विचार केला. माझ्या पडद्यावरचं ‘बंद’ म्हणजे मोटरची अवस्था नव्हतीच. तो माझाच हुकूम मला परत वाचून दाखवत होता.

आता पायकडे. विषय बदलला असं वाटेल, पण जरा थांबा.

१४ मार्चला भाचा आला होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या दिवशी पायची किंमत काढायची, असा त्यांच्या मित्रमंडळात रिवाज. त्यानं सगळ्यात सोपी श्रेणी घेतली : एक वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश, वजा एक सप्तमांश, असं पुढे जात राहायचं, शेवटी चारनं गुणायचं. दहा लाख पदं. लॅपटॉपनं क्षणात उत्तर दिलं आणि पोरगं हिरमुसलं. ‘मामा, सहाव्या अंकालाच चुकलं.’

३.१४१५९१६५३५८९

त्याखाली मी खरी किंमत लिहिली.

३.१४१५९२६५३५८९

तुम्हीही एकेक अंक जुळवून बघा. दशांश चिन्हानंतरचे पाच अंक बरोबर, सहावा चूक, आणि त्यानंतरचे सगळे पुन्हा बरोबर! शाळेतल्या बेरजेत एकदा हातचा चुकला की पुढचं सगळं कोसळतं. इथे मधलं एकच घर पडलंय आणि आजूबाजूची वस्ती जशीच्या तशी. पाच लाख पदं घेतली तर त्याच घरात २ च्या जागी ० येतो. भाच्यानं ते लगेच करून पाहिलं, ३.१४१५९०६५३५८९, आणि मग दहा मिनिटं तो काहीच बोलला नाही.

याचं कारण असं, की या श्रेणीची चूक कशीही पसरलेली नसते. पदांची संख्या जेवढी, तिचा एक छेद, एवढी ती जवळजवळ अचूक असते. दहा लाख पदं घेतली की दहा लाखांश कमी पडतो, म्हणजे सहाव्या घरात एक. चूक एवढी शिस्तीची असेल तर ती मोजून परत देता येईल, नाही का?

हे सहाशे वर्षांपूर्वी केरळात एकाला सुचलं होतं. संगमग्रामचा माधव, चौदाव्या शतकातला. आपण कॉलेजात ही श्रेणी लाइब्निझच्या नावानं शिकलो. त्यानं ती १६७० च्या दशकात मांडली. माधवाचा यावरचा ग्रंथ हाती नाही, त्याच्या शिष्यपरंपरेनं काम राखलं. ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात, साधारण १५३० च्या सुमारास, ते सिद्धतेसह येतं. श्रेणी ही त्यातली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी, आणि माझ्या मते मोठी, म्हणजे ‘अंत्यसंस्कार’. शब्द ऐकून दचकू नका. बेरीज जिथे थांबवली तिथे शेवटी करायची दुरुस्ती, एवढाच इथे त्याचा अर्थ.

कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दहाच पदं. चारनं गुणून उत्तर येतं ३.०४१८, म्हणजे अगदीच सामान्य. आता दुरुस्ती. दहाच्या वर्गात एक मिळवा, १०१. दहाच्या घनाची चौपट अधिक दहाची पाचपट, ४०५०. चारनं गुणण्याआधीच्या बेरजेत १०१ भागिले ४०५० मिळवा आणि मग चारनं गुणा. आलं ३.१४१५९२७. दहा लाख पदांना सहावा अंक जमला नव्हता, दहा पदं आणि एक अपूर्णांक यांना जमला. भाच्याचा लॅपटॉप तेवढा वेळ पंखा फिरवत बसला होता.

माधवाला आपण किती मोजलं यापेक्षा किती मोजायचं राहिलं याची जास्त काळजी होती. माझ्या साबणाच्या डबीत नेमकं हेच नव्हतं. टाकी किती भरली ते मी मोजत होतो. मोजणं कुठे आंधळं होतं, उन्हात किती सरकतं, हुकूम पाळला गेला की नाही, यांतलं काहीच मोजत नव्हतो.

पाय मोजणाऱ्यांनीही याची किंमत मोजलेली आहे. विल्यम शँक्सनं १८७३ मध्ये हातानं ७०७ अंक काढले. ५२८ वा अंक चुकला आणि पुढचे सगळे वाया गेले. सत्तर वर्षं कुणाला पत्ता नव्हता. पॅरिसच्या विज्ञान-संग्रहालयात १९३७ मध्ये एका गोल दालनात ते अंक दिमाखात लावले गेले, आणि १९४९ मध्ये चुकीचे बदलावे लागले. आजचे विक्रमवीर म्हणून शहाणे झालेत. अंक काढून झाले की शेवटचे काही एका वेगळ्याच सूत्रानं स्वतंत्रपणे तपासतात. २००९ च्या अखेरीस फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसानं एका साध्या डेस्कटॉपवर २.७ लाख कोटी अंक काढले, सुपरकॉम्प्युटरचा विक्रम मोडून. तपासणी धरून १३१ दिवस लागले. जपानच्या शिगेरू कोंडोनं २०११ मध्ये घरी बसून १० लाख कोटी गाठले, मध्ये मध्ये हार्ड डिस्क बंद पडत असताना, ३७१ दिवसांत. नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी ग्रहांमधल्या प्रवासाच्या सर्वांत काटेकोर गणितासाठी पायचे १५ दशांश वापरते. तेव्हा या लष्कराच्या भाकऱ्या आहेत हे मान्य. पण भाकरी करपली आहे की नाही हे ओळखण्याची जी रीत या लोकांनी बसवली, ती फुकट गेलेली नाही.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मला आता ऐकवत नाही, कारण तो विचारणारे स्वतः तयार वस्तू विकत घेऊन मोकळे होतात. मागे एका कॉलेजात बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. शेवटच्या वर्षाचे बारा गट, त्यांत चौघांचा विषय ‘पाण्याच्या पातळीचे स्वयंचलित नियंत्रण’. चारही अहवालांत ‘पातळी’ हा शब्द एकाच ठिकाणी ‘पाताळी’ असा छापलेला. एकाच दुकानातून चार नग आले होते. चौघांनीही लिहिलं होतं, अचूकता ९८ टक्के. कशाच्या ९८ टक्के, असं विचारलं तर एकमेकांकडे बघू लागले. मी त्यांना नापास केलं नाही, कारण त्यांना विकत आणायला लावणारी पद्धत त्यांनी बनवलेली नाही. पण रिले चिकटला तर काय होईल, हे चारांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि ते कळण्याचा एकच मार्ग आहे. तो शेजारच्या तुळशीतून जातो.

म्हणून प्रोजेक्टचे मार्क ठरवणाऱ्या प्राध्यापकांना एक मागणं आहे. चालणाऱ्या यंत्राला हवे तेवढे मार्क द्या, पण शंभरातले वीस तरी चुकांच्या वहीला ठेवा. काय बिघडलं, कधी बिघडलं, आकडा कितीनं चुकला, कशामुळे. दुकानात सगळं मिळतं, ही वही अजून मिळत नाही. आणि घरी खटपट करणाऱ्या पोरांनो, श्रेणीशी हवं ते खेळा, पाच व्होल्टच्या बाजूला हवं ते जोडा. २३० व्होल्टची बाजू मात्र वायरमनलाच करू द्या.

आमच्याकडे सध्या मोटरच्या वायरवर विजेचा प्रवाह मोजणारी एक कडी बसवली आहे, त्यामुळे पडद्यावर ‘बंद’ येतं ते वीज खरंच थांबल्यावर. टाकीत जुना तरंगता फ्लोट स्विच परत टांगलाय. तो कॉन्टॅक्टरची कॉइल थेट तोडतो, माझ्या प्रोग्रॅमला न विचारता. ऑक्टोबरपासून टाकी एकदाही वाहिलेली नाही. आई तरीही पूजा आटोपली की गॅलरीत जाऊन कान देते, मोटरचा आवाज येतोय का बघायला.

— खटपट्या