गुडघ्याचा एम.आर.आय. : नुसता टेस्ला विचारू नका

कुस्तीच्या फडात पैलवानाचा गुडघा पिळतो. ऊसतोडणीला गेलेला मजूर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून घसरतो. आधी तेल-शेक होतो. पण पाय लचकतच राहिला, की डॉक्टर एम.आर.आय. काढायला सांगतात. मग जत तालुक्यातल्या माणसाने मिरज, सांगली नाहीतर विजापूर गाठायचे. गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि तपासणीचे काही हजार रुपये खर्चून चित्र धूसर आले, तर तो भुर्दंड कोणी सोसायचा?

‘जास्त टेस्लाचे मशीन म्हणजे चांगला फोटो’ असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप. या चुंबकात शरीरातील पाण्याचे व चरबीचे हायड्रोजन कण रेडिओ लहरींना उत्तर देतात. १.५ टेस्लाला ही लहर सुमारे ६४ मेगाहर्ट्झची, तर ३ टेस्लाला सुमारे १२८ मेगाहर्ट्झची असते. आपले एफ.एम. रेडिओ ८८ ते १०८ मध्ये, म्हणजे या दोहोंच्या मध्ये वाजतात. मात्र गुडघ्यातून येणारे उत्तर अत्यंत क्षीण असते. ते टिपणारी एरियल म्हणजे गुडघ्याभोवती बसवायची कॉइल.

भजनात एकच माईक लांब ठेवला, तर टाळ, पेटी आणि गलका एकत्र ऐकू येतो. प्रत्येकापुढे माईक ठेवला, की शब्द कळतात. कॉइलचेही तसेच आहे. मोठी एकच कॉइल पायभर गोंगाट गोळा करते. लहान कॉइल जवळचे नेमके ऐकते. शेजारच्या कॉइल योग्य मापाने एकमेकींवर चढवल्या तर त्या एकमेकींत ढवळाढवळ करीत नाहीत, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले. आज गुडघ्यासाठी ८, १५, १६ अशा चॅनेलच्या कॉइल मिळतात. त्यांच्यामुळे गादीची बारीक चीर, लिगामेंटची तूट स्पष्ट दिसते आणि तपासणीचा वेळही वाचतो.

चुंबक जितके जोरदार, तितके कॉइलचे काम अवघड. १.५ वरून ३ टेस्लावर गेले, की त्याच तपासणीत शरीरात मुरणारी ऊर्जा साधारण चौपट होऊ शकते. म्हणून फक्त गुडघ्यालाच लहरी देणारी व तिथूनच घेणारी कॉइल उपयोगी पडते. पण तिचे कवच बहुधा टणक, ठरावीक मापाचे. सुजलेला किंवा सरळ न होणारा गुडघा त्यात बसत नाही; काटकुळा पाय आत हलतो आणि चित्र बिघडते.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, कॉइल आपल्या रुग्णांची मापे घेऊन आपल्याकडेच घडवल्या पाहिजेत. पवईच्या आय.आय.टी. आवारातील ‘समीर’ ही सरकारी संस्था १.५ टेस्लाच्या स्वदेशी यंत्रावर काम करीत आहे; मार्च २०२५ मध्ये तिने त्यासाठी दिल्लीच्या एम्सशी करार केला. अतिशीत चुंबक बनवणे हे मोठ्यांचे काम खरे. पण कॉइल म्हणजे तांबे, कपॅसिटर आणि चोख मोजमाप. सांगलीच्या वालचंदसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी यात हात घालायला काय हरकत आहे? अर्थात, कॉइल तापून चटका बसू शकतो. त्यामुळे कसून चाचणी झाल्याशिवाय ती रुग्णाला लावता कामा नये. रुग्णालयांनीही यंत्र घेतानाच गुडघ्याच्या कॉइलची तरतूद करावी. ‘नंतर पाहू’ म्हणू नये.

वाचकांनी एवढे करावे. नाव नोंदवतानाच विचारा : गुडघ्याची खास कॉइल आहे का? किती चॅनेलची? पाय सरळ होत नसेल तर काय सोय? शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा धातूचा तुकडा असल्यास आधीच सांगा. आणि उतारवयातील झिजेच्या दुखण्याला प्रथम उभे राहून काढलेला साधा एक्स-रे बहुधा पुरतो, हेही ध्यानात ठेवा. गरज नसलेला एम.आर.आय. उत्तम कॉइलवर काढला, तरी तो पैसा वायाच.