खड्डे खणण्याआधी ठराव



पाऊस जवळ आला की आपल्या पाड्यांवर खड्ड्यांचं काम निघतं. हे नवीन नाही. नवीन आहे ते कारण. आता सांगतात, हवामान बदलतंय, झाडं हवेतला कार्बन शोषतात, म्हणून झाडं लावायची. 2015 साली पॅरिसच्या करारासाठी आपल्या सरकारने जगाला शब्द दिला, की 2030 पर्यंत जंगल आणि झाडं वाढवून 250 ते 300 कोटी टन जादा कार्बन वायू शोषू. शब्द दिल्लीने दिला, जमीन मात्र आपली मोजली जातेय.

हवामान बिघडलंय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो आणि भात कापून खळ्यात आणायच्या वेळी झोडपतो. झाडाशी आपलं भांडण नाहीच. सवाल जागेचा आहे. कागदावर ती जागा 'अवनत वनक्षेत्र' असते, म्हणजे उजाड रान. जाऊन बघा तर तिथे कुणाचा नागली-वरईचा प्लॉट, कुठे गुरांचं चराण, कुठे बायांची रानभाजीची जागा. उजाड म्हणजे साहेबाला मोठं झाड दिसलं नाही, एवढंच.

त्यात 2023 चे ग्रीन क्रेडिटचे नियम आले. कंपनीने अशा रानात झाडं लावायला पैसे भरायचे आणि बदल्यात क्रेडिट घ्यायचं. दुसरीकडे जंगल तोडलं तर त्याच्या भरपाईतही हे क्रेडिट चालतं. म्हणजे खाण तिकडे, झाडं आपल्या प्लॉटवर! फेब्रुवारी 2024 च्या पद्धतीत हेक्टरी किमान 1,100 झाडांची अट होती. हेक्टर म्हणजे अडीच एकर. तेवढ्यात 1,100 झाडं लागली तर तिथे नांगर कुठून फिरणार आणि गाय कुठे चरणार?

मग काम बंद पाडायचं का? काही साथी तसंच म्हणतात. मला नाही पटत. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जगायला जातो, पोरांची शाळा सुटते. एखाद्या बाईला घराजवळ महिनाभर मजुरी मिळत असेल, तर तिला 'जाऊ नको' सांगणारे आपण कोण? पण आपल्याच दाव्यातल्या प्लॉटवर, आपल्याच हाताने, मजुरी घेऊन खड्डे पाडले, तर उद्या मोजणीला येणारा म्हणेल, इथे शेती कुठाय, हे तर रोपवन. दावा फेटाळायला तेवढं पुरतं.

वनहक्क कायदा 2006, कलम 4(5) नीट वाचून घ्या. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जेदाराला जमिनीवरून काढता येत नाही. कलम 5 जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. पण भरपाई वनीकरणाच्या 2018 च्या नियमांत शब्द 'सल्लामसलत' आहे, 'संमती' नाही. तीही ग्रामसभेशी 'किंवा' वन समितीशी. हा 'किंवा' फार महागात पडतो. समितीच्या चार सह्या घेतल्या की काम उरकलं.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी त्यांना झगडावं लागलं. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मग बांबू ग्रामसभेने विकला, मजुरी ग्रामसभेने वाटली. त्यांचं जंगलही उभं आहे. कार्बन मोजणाऱ्यांनी ते मोजावं की!

म्हणून काम घ्या, पण आधी ठराव करा. दावे प्रलंबित असलेल्या प्लॉटवर आणि अपिलात असलेल्या जमिनीवर एकही खड्डा नको. जागा ग्रामसभा दाखवेल. रोपं मोह, हिरडा, आंबा, ऐन, बांबू यांची, निलगिरी नको. मोहाला फळ धरायला वर्षं लागतात हे खरं, पण पोरांच्या काळात तरी फुलं वेचायला मिळतील. चराईचा रस्ता मोकळा राहील. मजुरीचा दर आणि हजेरी पाड्यात वाचून दाखवायची. राखणदार गावातलाच.

ठराव सभेत मोठ्याने वाचा, बायांच्या सह्या-अंगठे राहू देऊ नका. एक प्रत तहसीलला, एक जंगलखात्याला द्या आणि दोन्हीकडून सही-शिक्क्याची पोच घ्या. तोंडी 'बघतो' चालणार नाही. एकदा राब भाजून पेरणी झाली आणि आवणी लागली, की सभेला कोणी येत नाही. तेव्हा हे मृगाआधीच करायचं.