कन्नड गोत्तिल्ला!
बेंगळुरूहून नोकरीची ऑफर आलीय. दर महिन्याला ठरलेला पगार (आम्हा फ्रीलान्सर्सचं स्वप्नच!), हवा छान आणि ट्रॅफिकची पुणेकरांना सवय आहेच. मग अडलंय कुठे?

२०१४ मध्ये 'बंगलोर'चं अधिकृतपणे 'बेंगळुरू' झालं. २०२४ च्या कायद्याने दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं. ''बाहेरच्यांनी राहायचं कसं?'' मित्र वैतागला. मी मान डोलावली आणि लगेच जीभ चावली. इथे वर्षानुवर्षं राहून मराठी न शिकणाऱ्या शेजाऱ्यांवर मीच तर चिडते! तिथे ती शेजारीण मी असणार.

सध्या मला एवढंच येतं, 'कन्नड गोत्तिल्ला'. म्हणजे, कन्नड येत नाही. ऑफरला उत्तर शुक्रवारी द्यायचंय. कन्नडचा क्लास मात्र आजच लावलाय. बघू या!