चौकात लॉज आहे ना!

"काकू, त्याचं आधार कार्ड तरी पाहिलं का?" या आठवड्यात गल्लीतल्या इतक्या जणांनी हे विचारलं की मी उत्तर देणंच सोडलं. पंजाबचा एक मुलगा सायकलनं काश्मीरहून कन्याकुमारीला निघालेला. त्या वाटेचा महामार्ग आमच्या हिंगणघाटावरूनच जातो. दिवेलागणीला कोणी परगावचं पोर पंक्चरच्या दुकानापाशी बसलेलं दिसलं की मी आधी जेवणाचं विचारते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. पोरगा घरी आला, वांग्याची भाजी-भाकर जेवला, ताट स्वतः घासलं, धुतलेले मोजे सायकलच्या हँडलवर वाळत घातले आणि रात्री उशिरापर्यंत यांच्याशी गव्हाच्या शेतीवर बोलत बसला.

शेजाऱ्यांची भीती मला कळते. बातम्या मीही वाचते. राग आला तो दुसऱ्या वाक्याचा. "चौकात लॉज आहे ना, मग घरी कशाला?" लॉजवर तो झोपला असता हो, पण आमच्या कपाशीच्या गावात कोण राहतं, काय खातं, हे त्याला कोणी सांगितलं असतं? आणि त्याच्या गावाचं आम्हाला?

हेच आपल्या पवनारच्या विनोबांनी 1962 साली दोन तरुणांना सांगितलं होतं. सतीशकुमार आणि ई. पी. मेनन अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन अशा पदयात्रेला निघायचे होते. भूदानासाठी आसामात फिरणाऱ्या विनोबांकडे ते आशीर्वाद मागायला गेले. विनोबा म्हणाले, पैसे बरोबर घेऊ नका आणि शाकाहारी राहा. खिशात पैसे असले की दिवसभर चालून थकलेला माणूस खोली घेतो, जेवतो आणि झोपी जातो. पैसे नसले की कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं. मांस नको म्हटलं की यजमान कारण विचारतो आणि तिथून बोलणं सुरू होतं. पाकिस्तानच्या हद्दीवर निरोप द्यायला आलेल्यांनी शिदोरी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. पलीकडच्या लोकांवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. हद्द ओलांडली तर लाहोरचे एक गृहस्थ त्यांना घरी न्यायला आलेले!

विनोबांनी हा सल्ला आधी स्वतः जगून पाहिला होता. 12 सप्टेंबर 1951 रोजी पवनारहून पायी निघाले ते 13 नोव्हेंबरला दिल्लीत पोचले. पुढे चालतच राहिले, ते 1964 साली पवनारला परतले. इतकी वर्षं बहुतेक रोज नवं गाव, नवा मुक्काम.

मला मात्र त्या मुक्कामांच्या घरांचं कुतूहल आहे. भूदानात किती एकर जमीन मिळाली, कोणी दिली, याच्या नोंदी झाल्या. पण विनोबांचं पोट नाजूक, सारी भिस्त दूध-दह्यावर. प्रार्थना पहाटे, अंधार असतानाच. म्हणजे कोणीतरी बाई त्याच्याही आधी उठली असेल, कंदील लावला असेल, चूल पेटवली असेल. आदल्या रात्री कोणीतरी विरजण लावलं असेल. सोबतच्या कार्यकर्त्यांसाठी भाकरी थापल्या असतील, कमी पडलेली अंथरुणं शेजारून आणली असतील. ज्यांच्या आधारावर एवढी पदयात्रा चालली, त्या बायांचं नाव कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. मला ही मोठी चूक वाटते. जमीन देणाऱ्याइतकंच या बायांनीही दिलं आहे.

तेव्हा वर्धा, सेलू, आर्वी, देवळी, समुद्रपूर, कुठेही असा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भूदानाचे पदयात्री आपल्याकडे उतरले होते का? स्वयंपाक कोणी केला होता? काय रांधलं होतं? जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून मला पाठवा. आजीचं माहेरचं नावही लिहा. पुढचे काही रविवार हे सदर त्यांचंच.