ग्रंथपरिचय : न सांगितलेली किंमत

धुळ्यास एकवीरादेवीच्या चैत्र यात्रेत पाळणे लागतात; त्यांचे तिकीट आधीच ठरलेले असते. रे ब्रॅडबरी यांच्या ‘समथिंग विकेड धिस वे कम्स’ (१९६२) या इंग्रजी कादंबरीतील फिरत्या जत्रेत मात्र किंमत शेवटी कळते. तेथील लाकडी घोड्यांचा पाळणा उलटा फिरला की वय घटते, सुलटा फिरला की वाढते. १३ वर्षांचा जिम मोठा होण्यास उतावीळ. त्याचा मित्र विल याचे ५४ वर्षांचे वडील उतारवयाने खिन्न. अशा असमाधानावरच त्या जत्रेचा व्यापार चालतो. अखेर वडील आपले वय मनःपूर्वक स्वीकारून हसतात आणि त्या हास्याने आरसेमहालातील आरसे फुटतात. पेढीवर बसण्याची घाई झालेल्या मुलाने व पेढी सोडवत नसलेल्या वडिलांनी ही कादंबरी एकत्र वाचावी.