एकाचे दोनशे चोवीस
डिसेंबर १९८० मध्ये ॲपलचा शेअर २२ डॉलरला बाजारात आला. पुढे शेअरचे विभाजन होऊन १९८७, २००० आणि २००५ मध्ये प्रत्येक वेळी एकाचे दोन, २०१४ मध्ये एकाचे सात आणि २०२० मध्ये एकाचे चार झाले. सुरुवातीच्या एका शेअरचे २२४! पण भाकरीचे तुकडे केल्याने पीठ वाढत नाही. विभाजनाने शेअरची संख्या वाढते, त्याच प्रमाणात भाव उतरतो. भागधारक श्रीमंत झाले ते आयफोनसारख्या उत्पादनांनी मिळवलेल्या नफ्यामुळे. विभाजनाने छोट्या बचतदाराला शेअर परवडू लागतो, हा लाभ मोलाचाच. पण केवळ विभाजनाच्या बातमीवर कष्टाचे पैसे लावू नका, आधी कंपनीचा ताळेबंद वाचा.